जुन्या गृहसंगणकांस नवी जोड

घरांतील यंत्र जुनें झालें म्हणजे त्याची वाट बहुधा ठरलेली असते. बैठकींतून तें माजघरांत जातें, माजघरांतून माळ्यावर चढतें आणि शेवटीं एके दिवशीं भंगारवाल्याच्या हातगाडीवर बसून कायमचें घराबाहेर पडतें. ग्रामोफोन या वाटेनें गेला, व्हॉल्व्हचा रेडिओ गेला आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत गृहसंगणकही त्याच वाटेनें गेला. ग्रामोफोनला व रेडिओला निदान कोणी तरी हौसेनें पुसून दिवाणखान्यांत मांडतो. गृहसंगणकाला तेवढेंही भाग्य लाभत नाहीं. दिसावयास तो एखाद्या टंकलेखन-यंत्राच्या नुसत्या कळफलकासारखा. त्याला स्वतःचा पडदा नाहीं कीं कांहीं ऐट नाहीं. परंतु थोडी बुद्धि आणि थोडें डाखकाम यांच्या साहाय्यानें या वस्तूला पुन्हां कामास लावतां येतें. तें कोणत्या रीतीनें लावावें, हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतील हौशी मंडळींपुरता नाहीं. धाराशिवसारख्या जिल्ह्यांतील शाळांना व घरांना तो कसा लागू पडतो, हें क्रमानें पाहणें इष्ट होईल.

आजच्या तरुण श्रोत्यांना गृहसंगणक म्हणजे काय हें प्रथम सांगितलें पाहिजे. १९८२ च्या एप्रिल महिन्यांत इंग्लंडमधील सिंक्लेअर कंपनीनें झेडएक्स स्पेक्ट्रम नांवाचा लहानसा संगणक बाजारांत आणला. घरचा टीव्ही हा त्याचा पडदा आणि घरचा कॅसेट टेपरेकॉर्डर ही त्याची वही. १९८४ सालीं सुधारलेल्या कळफलकाची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ति निघाली आणि १९८६ च्या सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें परवाना घेऊन तोच संगणक डीबी स्पेक्ट्रम प्लस या नांवानें भारतांत आणला. अनेक मध्यमवर्गीय घरांत संगणकाचा पहिला प्रवेश झाला तो या यंत्राच्या रूपानें. दुसरा संगणक शाळांचा. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनें ब्रिटिश नभोवाणीच्या संगणक-साक्षरतेच्या कार्यक्रमासाठीं १९८१ सालीं बीबीसी मायक्रो तयार केला. आणि भारत सरकारनें १९८४-८५ मध्यें ‘क्लास’ या नांवाची योजना सुरू करून पहिल्या टप्प्यांत देशांतील सुमारें २५० शाळांना हेच संगणक पुरविले. एका नभोवाणी संस्थेचें नांव धारण करणारें यंत्र अशा रीतीनें भारतीय मुलांच्या हातीं आलें.

या यंत्रांची शक्ति आजच्या मानानें अगदींच थोडी होती. स्पेक्ट्रमचा मेंदू म्हणजे झेड-८० ही चिप. ती सेकंदाला ३५ लाख ठोके घेई, आणि तिच्या दिमतीला ४८ किलोबाइट स्मृति असे. बीबीसी मायक्रोची चिप सेकंदाला २० लाख ठोके घेई व तिची स्मृति ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलनें काढलेल्या एका छायाचित्रास याच्या कितीतरी पट जागा लागते. तथापि या यंत्रांच्या कर्त्यांनीं एक दूरदर्शीपणा दाखविला होता. त्यांनीं यंत्राला दारें ठेवलीं. स्पेक्ट्रमच्या मागील कडेला ५६ स्पर्शबिंदूंची एक उघडी पट्टी आहे. चिपच्या जवळजवळ सर्व तारा तेथें बाहेर आणून सोडलेल्या आहेत. बीबीसी मायक्रोच्या तर पोटाखालीं अशा जोडांची रांगच आहे. आजचा मोबाइल सर्व बाजूंनीं मिटलेला असतो. हीं जुनीं यंत्रें मात्र पाहुण्याची वाट पाहत दार उघडें ठेवून बसलेलीं आहेत. नवी जोड देण्याची सारी शक्यता या दारांतून आंत शिरते.

मग अशा यंत्राचीं दुखणीं कोणतीं? मुख्य तीन आहेत : वीज, सांठवण आणि चित्र.

विजेचें दुखणें सर्वांत आधीं पाहिलें पाहिजे, कारण तें घातक आहे. माळ्यावरून काढलेला संगणक पुसून लगेच विजेच्या खटक्याला जोडणें ही अनेकांची पहिली इच्छा असते, आणि तीच आवरली पाहिजे. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्याच्या पेटींत, मुख्य प्रवाहांतील गोंगाट गाळण्यासाठीं बसविलेले कांहीं कपॅसिटर असतात. त्यांचें बाह्य कवच काळानें तडकतें, आंत दमट हवा शिरते आणि वीज देतांच ते धुराचे लोट सोडतात. ते आधीं बदलणें हा उपचाराचा पहिला भाग. स्पेक्ट्रमचें दुखणें वेगळें आहे. बाहेरून येणारे ९ व्होल्ट आंत ५ व्होल्टवर आणण्यासाठीं त्यांत एक तीन पायांचा रेग्युलेटर असतो. जास्तीचा दाब तो उष्णतेच्या रूपानें जाळून टाकतो. शिवाय बहुतेक स्पेक्ट्रमांत पहिल्या १६ किलोबाइट स्मृतीच्या आठ चिपांना अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ असे तीन निरनिराळे दाब लागतात. यांपैकीं उणे ५ चा दाब नाहींसा झाला तर त्या चिपा थोड्याच वेळांत जळून जातात. धाराशिव जिल्ह्यांतील उन्हाळा आणि विजेचा चढ-उतार यांची कल्पना ज्यांना आहे त्यांना या गोष्टीचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. येथें सुचणारी जोड साधी आहे. त्याच तीन पायांच्या जागीं बसणारा, उष्णता न करणारा नवा रेग्युलेटर आतां मिळतो. आणि त्या आठ चिपांऐवजीं एकाच ५ व्होल्टवर चालणारी नवी स्मृतिपट्टीही बसवितां येते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे यंत्राच्या बाहेर राहणारी एक लहान पेटी : दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला कीं संगणकाला वेगळा करणारी, आणि वीज गेल्यास चालूं काम पुरें करण्यापुरती बॅटरी बाळगणारी. स्मृति विजेबरोबर पुसली जाते. तेव्हां तासभर टंकलेला मजकूर एका क्षणांत नाहींसा होण्याचें दुःख ही पेटी टाळील.

दुसरें दुखणें सांठवणीचें. स्पेक्ट्रम आपला कार्यक्रम कॅसेटवर आवाजाच्या रूपानें लिहितो. सेकंदाला सुमारें दीड हजार खुणा या वेगानें. ४८ किलोबाइट वाचावयास अशा रीतीनें चार-पांच मिनिटें लागतात, आणि मध्येंच फीत अडखळली तर पुन्हां पहिल्यापासून आरंभ. यावर यूरोपांतील हौशी मंडळींनीं शोधून काढलेली जोड मोठी चतुर आहे. डिव्ह-एमएमसी या जातीचें उपकरण मागील पट्टीला लावतात व त्यांत मोबाइलमध्यें असतें तसें एसडी कार्ड घालतात. हें उपकरण चिप कोणत्या पत्त्यावरील आज्ञा वाचीत आहे यावर सतत नजर ठेवतें. कॅसेट वाचण्याच्या आज्ञा जेथें आहेत त्या पत्त्यावर चिप आली कीं, उपकरण मूळ स्मृति क्षणभर बाजूस सारून स्वतःची स्मृति तिच्या जागीं पुढें करतें. चिपला वाटतें आपण कॅसेट वाचीत आहों. वस्तुतः तिला कार्डावरील मजकूर मिळत असतो, तोही डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच. ४८ किलोबाइटच्या हिशेबानें ८ गिगाबाइटच्या एका कार्डावर दीड लाखांहून अधिक कार्यक्रम मावतील. त्या काळीं जगांत निघालेले सारे कार्यक्रम आणि वर शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्याची वही एका नखाएवढ्या तुकड्यावर राहूं शकेल.

पण येथें एक इशारा द्यावासा वाटतो. नवें कार्ड आलें म्हणून जुन्या कॅसेटी फेंकून देऊं नयेत. विकत घेतलेले खेळ जगांत कोठें ना कोठें जपून ठेवलेले आहेत. त्यांची चिंता नाहीं. परंतु एखाद्या शिक्षकानें स्वतः लिहिलेला पाढ्यांचा कार्यक्रम, एखाद्या मुलानें सुटींत रचलेलें कोडें, दुकानाच्या उधारीचा हिशेब, यांची दुसरी प्रत कोठेंही नाहीं. फितीवरील चुंबकीय लेप उष्णतेनें व दमटपणानें सुटूं लागतो. म्हणून कॅसेट हातीं लागतांच पहिलें काम हें कीं, चांगल्या टेपरेकॉर्डरवर ती एकदांच वाजवून तिचा आवाज आजच्या संगणकांत जसाच्या तसा उतरवून घ्यावा. अर्थ लावण्याचें काम मागाहून केव्हांही करतां येईल. गेलेला आवाज मात्र परत आणतां येणार नाहीं.

तिसरें दुखणें चित्राचें. हीं यंत्रें फुगीर कांचेच्या टीव्हीसाठीं केलेलीं. नव्या सपाट पडद्यांना त्यांची भाषा नीट कळत नाहीं. स्पेक्ट्रममध्यें चित्राचा संदेश टीव्हीच्या लहरींवर चढविणारी एक डबी असते. ती वगळून आंतील मूळ संदेश एका तारेनें बाहेर घेतला तर पुष्कळ टीव्हींवर चित्र स्पष्ट येतें. बीबीसी मायक्रोसाठीं याहून चांगली सोय निघाली आहे : तांबडा, हिरवा व निळा हे तीन संदेश एक लहानसा नवा संगणक वाचतो आणि आजच्या पडद्याला समजेल अशा रूपांत पुढें पाठवितो. अशा तऱ्हेनें हातांत येईल एवढा नवा संगणक जुन्या संगणकाचा दुभाषा होतो.

येथवर सांगितलेल्या जोडी परदेशांतील लोकांनीं आपल्या गरजेनुसार केलेल्या आहेत. मराठी घराची गरज एवढ्यानें भागत नाहीं. त्याचें कारण अगदीं उघड आहे. या यंत्रांना मराठी येत नाहीं. स्पेक्ट्रमचें प्रत्येक अक्षर आठ बिंदु रुंद व आठ बिंदु उंच अशा चौकटींत बसतें. रोमन अक्षराला ती पुरते. परंतु देवनागरीची शिरोरेषा, वरची मात्रा, खालचा उकार आणि ‘ष्ट्र’सारखें जोडाक्षर त्या आठ ओळींत कोंबूं गेल्यास अक्षराची ओळखच पुसते. चौकट सोळा बिंदूंची केली तर २५६ बिंदु रुंद व १९२ बिंदु उंच पडद्यावर एका ओळींत सोळा घरें आणि एकूण बारा ओळी मिळतात. एवढ्या जागेंत पहिलीच्या पुस्तकाचा धडा सुखानें मावेल.

ही गोष्ट कल्पनेंतली नाहीं. महाराष्ट्रांत तिचें मोठें उदाहरण घडून गेलें आहे. कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें भारतीय लिपींच्या यंत्रलेखनाचें जें काम सुरू झालें, तें १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें पुढें नेलें. त्यांतून ‘जिस्ट’ नांवाचें कार्ड तयार झालें. साध्या पीसी संगणकाच्या खांचेंत तें बसविलें कीं, केवळ इंग्रजी जाणणारे त्या काळचे कार्यक्रम देवनागरींतून व इतर भारतीय लिपींतून काम करूं लागत. त्यामागची युक्ति मनन करण्याजोगी आहे. कार्यक्रमाला लिपीचा अर्थ कळण्याची गरजच नव्हती. तो फक्त अंक सांठवी; त्या अंकांपासून काना-मात्रा-वेलांटीसह अक्षर जुळवून पडद्यावर काढण्याचा भार कार्ड उचली. अंकांची ही वांटणी इस्की या नांवानें १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तींत १२८ च्या आंतील अंक रोमन अक्षरांचे व पुढील अंक भारतीय वर्णांचे असून, एकच अंक देवनागरींत ‘क’ दिसतो आणि लिपि बदलली कीं बंगालींत बंगाली ‘क’ दिसतो. कळफलकाची इनस्क्रिप्ट मांडणीही तशीच तर्कशुद्ध : डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला व्यंजनें.

स्पेक्ट्रमसाठीं याच तत्त्वावर एक लहान देवनागरी जोड करणें आज मुळींच कठीण नाहीं. दोनशें आकृति, प्रत्येकीला ३२ बाइट, म्हणजे अवघे ६,४०० बाइट झाले. मागील पट्टीला लावलेल्या एका स्वस्त चिपेंत या आकृति व जोडाक्षरांचे नियम ठेवावेत. संगणकानें वर्णाचा अंक बाहेर पाठवावा आणि उत्तरादाखल तयार आकृति घ्यावी, म्हणजे त्याची ४८ किलोबाइटची तुटपुंजी स्मृति या कामीं खर्ची पडणार नाहीं. ज्या मुलाला इंग्रजी अद्याप अडखळत येतें, त्याला स्वतःच्या हातानें पडद्यावर ‘तुळजापूर’ उमटवितां आलें तर यंत्र परकें आहे ही भावना पहिल्याच दिवशीं गळून पडेल.

दुसरी जोड या जिल्ह्याच्या मातींतून सुचणारी आहे. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या रांगांवरचा, अवर्षणाशीं ज्याची जुनी ओळख आहे असा. पाऊस किती पडला हा येथें प्रत्येक घरांत बोलला जाणारा विषय. पाऊस मोजण्याचें एक सोपें साधन म्हणजे हेलकावणारी डोणी. ठरावीक पाणी सांठलें कीं डोणी एका बाजूस कलते, पाणी सांडतें आणि एक खटका दाबला जातो. एका खटक्याला ०.२ मिलिमीटर धरल्यास शंभर खटके म्हणजे २० मिलिमीटर पाऊस. बीबीसी मायक्रोच्या पोटाखालील आठ तारांच्या जोडाला हा खटका लावतां येतो. शिवाय या संगणकाला बदलता दाब मोजणारे चार मार्ग मुळांतच असल्यामुळें मातींतील ओल व हवेची उष्णताही वाचतां येते. अडचण दोन गोष्टींची : या यंत्रांत बॅटरीवर चालणारें घड्याळ नाहीं, आणि तें रात्रंदिवस चालूं ठेवणें परवडणार नाहीं. म्हणून नव्या जोडींत लहान बॅटरी, घड्याळ व खटके मोजणारी चिप एवढेंच असावें. ती छपरावर निमूटपणें मोजीत राहील; सकाळीं शाळा भरल्यावर मुलांनीं जुना संगणक लावावा, जोडीला रात्रीचा हिशेब विचारावा आणि स्वतः लिहिलेल्या कार्यक्रमानें त्याचा आलेख काढावा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो उडवून लावण्याजोगा नाहीं. जोडीसाठीं वापरलेली चिपच जर जुन्या संगणकाहून कितीतरी पट बलवान असेल, तर मग जुना संगणक हवाच कशाला? मोबाइलमध्यें हुबेहूब स्पेक्ट्रमसारखें वागणारे कार्यक्रमही फुकट मिळतात. या आक्षेपाची धार अधिक वाढविणारी एक हकीकत आहे. बीबीसी मायक्रोला दुसरा मेंदू जोडण्यासाठीं ‘ट्यूब’ नांवाचें एक दार होतें. एकॉर्न कंपनीच्या सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनीं जेव्हां एक नवी चिप योजिली, तेव्हां तिची पहिली परीक्षा बीबीसी मायक्रोवरच झाली. १९८५ सालीं ती चिप प्रत्यक्षांत आली. तिचें नांव आर्म. आज जगांतील बहुतेक सर्व मोबाइल याच कुळांतील चिपांवर चालतात. २०१२ सालीं आलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणकही आर्मचाच. आणि आतां हौशी लोक तोच ‘ट्यूब’च्या दारांतून बीबीसी मायक्रोला दुसरा मेंदू म्हणून जोडतात. ५ व्होल्टच्या तारा ३.३ व्होल्टवर उतरविणाऱ्या एका पट्टीपलीकडे त्याला विशेष कांहीं लागत नाहीं. नातवानें आजोबांना हात धरून चालवावें, तसा हा प्रकार आहे.

आक्षेपाचें उत्तर शक्तींत सांपडणार नाहीं. तें आकलनांत आहे. आजचा मोबाइल संपूर्णपणें समजणारा एकही मनुष्य जगांत नाहीं. ४८ किलोबाइटचा संगणक मात्र एका जिज्ञासू विद्यार्थ्याला एका वर्षांत तळापासून समजूं शकतो : कळ दाबल्यावर कोणती तार जोडली गेली, चिपनें ती केव्हां वाचली, पडद्यावर कोणता बिंदु कां उजळला, हें सारें बोटानें दाखवितां येतें. खटका दाबतांच तो तयार असतो व आज्ञेची वाट पाहतो. जाहिरात दाखवीत नाहीं कीं दुसरीकडे मन ओढीत नाहीं. जोड देतांना हा गुण राखला पाहिजे. विचार करण्याचें काम जुन्या यंत्राकडेच राहावें. नव्यानें त्याचें डोळे, कान व वही व्हावें. नव्या चिपनेंच सारें काम उरकलें व जुन्याचें नुसतें कवच उरलें, तर ती जोड म्हणतां येणार नाहीं. तें जुन्याचें सोंग झालें.

याच विचारांतून जोडीचे कांहीं नियम निघतात. जुन्या वाड्यांत वीज आली तेव्हां शहाण्या कारागिरांनीं भिंती फोडल्या नाहींत; लांकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून तारा नेल्या. पट्टी काढली कीं भिंत पूर्ववत्. जोडही अशीच असावी. मूळ यंत्राला भोक पाडूं नये, तार तोडूं नये. शक्य तेथवर बाहेरच्या दारानेंच आंत यावें. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. जोडीचा आराखडा व आज्ञावली उघडी असावी, म्हणजे करणारा गांव सोडून गेला तरी दुसऱ्याला दुरुस्ती करतां येईल. आणि तींतील भाग असे असावेत कीं, ते जवळच्या शहरांतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतील.

धाराशिव जिल्ह्यास जुनें जपण्याची शिकवण नवी नाहीं. तेर येथें रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवांतील पांढरीच्या मातींतून निघालेल्या जुन्या वस्तु मोठ्या चिकाटीनें जमविल्या. त्यांच्या नांवाचें शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्या गांवीं उभें आहे, आणि प्राचीन तगर नगराचा रोमशीं चाललेला व्यापार अभ्यासकांना तेथील वस्तूंतून उलगडतो. त्या मातीच्या तुकड्यांना इतरांनीं खापरें म्हणून फेंकलें असतें. चाळीस वर्षांपूर्वींचा संगणक आज जवळजवळ त्याच स्थितींत आहे : फेंकणाऱ्याला तें भंगार वाटतें आणि जपणाऱ्याला त्याचें मोल अजून पुरतें कळलेलें नाहीं.

धाराशिव व तुळजापूर येथें अभियांत्रिकी महाविद्यालयें आहेत. डाखकाम जाणणारे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे जुने कारागीर तालुक्याच्या गांवांतून अद्याप आढळतात. या कारागिरांचा हात आणि विद्यार्थ्यांची नवी विद्या एका टेबलाशीं आलीं, तर वर सांगितलेल्या जोडींपैकीं एकही अशक्य नाहीं. ज्या घरांत किंवा शाळेच्या अडगळींत असें एखादें यंत्र असेल, त्यांनीं तूर्त तीनच गोष्टी कराव्यात : त्याला एकदम वीज देऊं नये, त्याच्याबरोबरच्या कॅसेटी वेगळ्या करून थंड कोरड्या जागीं ठेवाव्यात, आणि जाणत्या माणसाच्या हातीं तें जाईपर्यंत भंगारवाल्यास नाहीं म्हणावें. पुढील काम त्यानंतर निवांतपणें करतां येईल.